चांगलं सांगायची वेळ

आमच्या घरी रडायला बंदी नव्हती. फक्त दिवेलागणीच्या आत रडून घ्यायचं, न्हाणीत जाऊन तोंड धुवायचं आणि देवापुढे येऊन बसायचं. दिवा लागला की घरात एकच वेळ असायची, चांगलं सांगायची. मध्ये बाबा मांडी घालून, त्यांच्या मांडीवर धाकटा विजू, उजवीकडे शोभाताई, डावीकडे मी, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी आई. आरती व्हायची. मग बाबा हात जोडून म्हणायचे, "चला, आजचं चांगलं." प्रत्येकाने दिवसभरातली एक चांगली गोष्ट सांगायची. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत. आणि दिव्यासमोर वाईट शब्द काढायचा नाही, तक्रार तर नाहीच नाही. तक्रार देवाच्या कानात जात नाही, ती घराच्या भिंतीत मुरते, असं बाबांचं म्हणणं होतं.

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. विजूचा मुलगा रोहन नागपुरात असतो आणि कंपन्यांतल्या लोकांना आनंदी कसं राहायचं ते शिकवतो. हसू नका, असं काम असतं आता. वर्षश्राद्धाला तो आजोबांची स्मरणिका काढतो आहे. मला फोन करून म्हणाला, आत्या, आजोबांच्या पद्धतीवर चार पानं लिहून दे, आजोबा काळाच्या फार पुढे होते, आता यालाच सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. रोज चांगलं आठवून सांगितलं की माणसाला झोप नीट लागते, मन ताळ्यावर राहतं, आणि त्याला श्रद्धेची जोड मिळाली तर सोन्याहून पिवळं, असं बरंच काही तो बोलला. मी म्हटलं, लिहीन बाप्पा. म्हणून लिहायला बसले आहे. छापायचं की नाही ते त्याचं तो बघेल.

आम्ही वणीला राहायचो आणि बाबा राजूरकडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. ज्यांनी ते गाव तेव्हा पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दोरीवर पांढरं धोतर वाळत घातलं की वाळेपर्यंत ते राखाडी व्हायचं. आई कुरडया, पापड गच्चीवर घालायची आणि त्यावर जुनं पातळ पसरायची, तरी तळलेल्या कुरडईत काळे ठिपके दिसायचेच. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की फळीवरची भांडी किणकिणायची आणि विजू झोळीत दचकून उठायचा. रस्त्यावरून दिवसभर ट्रक. नाक शिंकरलं तर रुमाल काळा. पण दिव्यासमोर यातलं काही बोलायची सोय नव्हती. मी एकदा लहानपणी म्हटलं होतं की धुळीने माझे डोळे चुरचुरतात. बाबांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ज्या कोळशाने आपल्या घरची चूल पेटते त्याला नावं ठेवू नयेत, आता परत सांग, चांगलं सांग. मी डोळे चोळत सांगितलं की आज ट्रकवर मोर काढलेला दिसला. बाबा खूष झाले.

बाबा वाईट नव्हते हो. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोकांना वाटेल म्हातारपणी बापावर दात धरून आहे. त्यांनी जन्मात आमच्यावर हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. ताईच्या पाठचा आमचा एक भाऊ तापाने गेला होता, माझ्या जन्माच्या आधी. तेव्हा बाबा म्हणे कामावर जायचे बंद झाले, जेवेनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मग कोणीतरी त्यांना एका महाराजांच्या बैठकीला नेलं. महाराज म्हणाले, गेलेलं मोजू नकोस, राहिलेलं मोज आणि रोज देवासमोर मोठ्याने सांग. त्याच सुमारास खाणीतल्या एका साहेबाने त्यांना मनाच्या शक्तीवरचं एक इंग्रजी पुस्तक दिलं. महाराज आणि साहेब दोघं एकच बोलतात म्हटल्यावर बाबांना ते वेदवाक्यच वाटलं. आणि त्या रोजच्या सांगण्याने ते खरोखर उठून उभे राहिले, हे मी नाकारत नाही. बुडत्याच्या हाती ओंडका लागला. पण पुढे तो ओंडका त्यांनी आमच्या सगळ्यांच्या गळ्यात बांधला आणि म्हणाले, तरंगा.

आई मात्र रोज भाकरीचंच सांगायची. "आज भाकरी चांगल्या फुगल्या." कधी भाकरीऐवजी पोळ्या, कधी गोळाभाताचे गोळे फुटले नाहीत, कधी कढी फाटली नाही. बाबा कौतुकाने म्हणायचे, तुमची आई साधी आहे, तिला संसारातच देव सापडला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. तिला सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं की सांगायचं नव्हतं, हा विचार डोक्यात यायला माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं.

खरं सुख आमच्या घरात होतं, ते दुपारी. बाबा ऑफिसात, विजू झोळीत, आणि शाळेला सुट्टी असली की आई, ताई आणि मी स्वयंपाकघरात. आई तुरीच्या शेंगा सोलायला घ्यायची, आम्ही दोघी तिच्यासमोर, मध्ये परात. एकीने सुरुवात करायची. आई म्हणायची, "माय वं, काय हा कोयसा, जीव गेला माया पुसता पुसता." मग ताई शिवणाच्या बाईंच्या नावाने बोटं मोडायची, मी गणिताच्या मास्तरांच्या. शेजारच्या काकूंचं दही मागणं, बाबांच्या आत्याचं घोरणं, नळ जायची वेळ, काही म्हणता काही सुटायचं नाही. आई माहेरची महागावकडची, तिच्या वऱ्हाडी बोलण्याला बाबांसमोर लगाम असायचा. दुपारी तो सुटायचा. ती नकला अशा करायची की आम्ही परातीवर ओणवं होऊन हसायचो, पोट दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ओल्या दाण्यांची आमटी रटरटायची, लसणाचा वास सुटलेला असायचा, आणि आम्ही तिघी जगाला शिव्या घालत अतिशय सुखात बसलेल्या असायचो. रोहनच्या शास्त्रात अशा तक्रार करण्याला काय म्हणतात मला माहीत नाही. पण मला आजही झोप येत नसली की मी ती परात आठवते.

बाबांचं नाव गावात होऊ लागलं. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक भरायची. दारात चपलांचा ढीग. खाणीतले कामगार यायचे, ऑफिसातले लोक यायचे, नवरा गेलेल्या बायका यायच्या. आरती, मग एकेकाचं चांगलं. एक कामगार होता, खाणीत त्याचा पाय गेला होता. कुबड्या भिंतीला टेकवून बसला. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "दुसरा पाय हाये." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी तर उठून त्याला मिठी मारली. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक नव्या माणसाला ते ही गोष्ट सांगायचे. तो माणूस मात्र पुन्हा बैठकीला आला नाही आणि तो का येत नाही हे कोणी विचारलं नाही.

ताईचं लग्न महाराजांच्या बैठकीतच जुळलं. महागावचे एक सधन शेतकरी महाराजांच्या मांडवात बाबांना भेटायचे. कापूस, तूर, सोयाबीन, बाजारपेठेत घर, एकुलता एक मुलगा. त्या गृहस्थांना कशाचीच तक्रार नव्हती, पावसाचीही नाही, आणि बाबांच्या लेखी याहून मोठी परीक्षा नव्हती. मुलगा बघायला आला तेव्हा आम्हालाही आवडला. देखणा होता, बोलणं मऊ, खाली मान घालून चहा प्यायला. ताई बारावी झाली होती, शिवण तिला सुंदर यायचं. लग्न उन्हाळ्यात झालं आणि पावसाळाभर तिची खुशालीची पत्रं आली. दिवाळीला विजूला बरोबर घेऊन बाबा तिला आणायला गेले. जावई म्हणाले, कापसाची वेचणी चालू आहे, मी मागून येतो, दिवाळसण तेव्हा करा. ताई एकटीच आली.

आल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे देवापुढे बसलो. किती महिन्यांनी उजवीकडची जागा भरली होती. बाबांनी विचारलं, आमच्या शोभाचं आजचं चांगलं काय? मला वाटलं ती सासरचं काहीतरी सांगेल, दागिन्यांचं नाहीतर शेताचं. ती म्हणाली, "इथलं मागचं दार दिवसभर उघडं असतं." बाबा म्हणाले, वा, माहेर म्हणजे मोकळं दार. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "आज मी एकटी दळण घेऊन आले." बाबांना फारच आवडलं. लोक महालात सुखी नसतात आणि आमची लेक दळणात सुखी, म्हणाले. मग एकदा तिने सांगितलं, "आज बाहेरून आले तर कोणी विचारलं नाही कुठे गेली होतीस." एकदा सांगितलं, "आज मी खिडकीत उभी होते, बराच वेळ." आणि बाबांनी हे सगळं गुरुवारच्या बैठकीत जसंच्या तसं ऐकवलं, लेकीचं उदाहरण म्हणून. छोट्या गोष्टींत आनंद कसा शोधावा ते माझ्या शोभाकडून शिका, म्हणाले. ताई माजघरात चिवड्याच्या डब्याचं झाकण लावत होती. तिने ते काढलं, परत लावलं.

संडास मागच्या अंगणात होता. एका दुपारी आम्ही तिघी परातीभोवती बसलो, पण ताईचा काही सूर लागेना. आई नकला करत होती, ताई नुसते ओठ हलवत होती. मग उठून दाराशी उभी राहिली आणि आईला म्हणाली, "जाऊ का मी?" आई म्हणाली, कुठे? ताईने अंगणाकडे बोट केलं. आईचा हात शेंगेवरच थांबला. "काहून वं, विचारतं काय? तुयंच घर हाये, जाय ना." ताई गेली. आली तेव्हा आईने तिला समोर बसवलं, तेलाची वाटी घेतली आणि तिचे केस सोडले. मला बाहेर जा म्हणाली नाही. डोक्यावर तेल चोळता चोळता तिने विचारलं, मारते का तो?

"नाही वं आई," ताई म्हणाली. "हात नाही लावत. शेतात जातानी कुलूप लावते. बाहेरून."

मग हळूहळू सगळं आलं. सासरे गावात उठबस करणारे, सासू शेतावरच्या घरात. सकाळी नवरा निघाला की दाराला कुलूप, संध्याकाळी तो येईपर्यंत. आल्यावर खिडकीच्या गजांवरून बोट फिरवून बघायचा. गजांवरची धूळ पुसलेली असली म्हणजे ही खिडकीशी उभी होती, कोणाला बघत होती, ते सांग. रागावून नाही, मऊ आवाजातच विचारायचा, पण उत्तर मनासारखं मिळेपर्यंत विचारत राहायचा. म्हणून तिने खिडकीशी जाणंच सोडलं होतं. संडास परसदारीच होता, पण मागच्या दारालाही त्याने बाहेरून आडणा, म्हणजे आडवा दांडा, ठोकून घेतला होता, तिकडे जायचं तर सकाळी तो निघायच्या आधीच त्याला विचारायला लागायचं. ताई हे सगळं रडत वगैरे सांगत नव्हती. तेल निथळतंय तिकडे लक्ष देत सांगत होती. आई तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली आणि आमटी खाली लागल्याचा वास आला तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ऑफिसला निघत होते. आई चहाचा कप घेऊन समोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली की पोरीले तिकडं कोंडून ठेवतात, आपल्याले तिले पाठवाचं नाही. बाबांनी कप घेतला. शांतपणे विचारलं, कोणी सांगितलं? शोभाने, आई म्हणाली.

"तिने दिव्यासमोर असं एकदा तरी सांगितलं का?"

"दिव्यासमोर वाईट सांगू देता का तुमी?"

आईने बाबांना असं उलट बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता बाबांना समजलं. पण त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि तिला लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. शोभा रोज देवासमोर बसते आणि मनापासून चांगलं सांगते. देवासमोर कोणी खोटं बोलत नाही. म्हणजे ते खरं. दुपारी तेल लावताना बायका जे बोलतात ते मनाचे खेळ. तो मारत नाही, उपाशी ठेवत नाही, व्यसन नाही. नवी सून, बाजारातलं घर, म्हणून जपतो. मनात कुलूप धरलं की जिकडेतिकडे कुलूपच दिसतं, असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. आई रिकामा कप हातात घेऊन दारात उभी होती. मला इतका राग आला होता की मी बाबांचा डबा त्यांच्या हातात न देता पायरीवर ठेवला.

भाऊजी आले ते नेमके गुरुवारी. शेतातली सीताफळं घेऊन आले, आईच्या पाया पडले, विजूला खांद्यावर बसवून अंगणात फिरवलं. आईने जावयासाठी पाटवड्या आणि झणझणीत रस्सा केला होता, पुरण घातलं होतं. संध्याकाळी बैठक भरली. त्या दिवशी जावई येणार हे कळल्याने नेहमीपेक्षा जास्त लोक होते. आरती झाली. बाबांनी जावयांना आपल्या शेजारी बसवलं आणि पहिला मान त्यांना दिला. भाऊजींनी घसा साफ केला. "आमच्या घरचं चांगलं म्हंजे, मी कवाही घरी जाओ, ही घरातच सापडते. आजकाल यापेक्षा काय पाहिजे माणसाले." लोक वा वा म्हणाले. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. मग म्हणाले, "शोभा, आता तुझं."

ताई बोलली नाही.

बाबा हसत वाट बघत राहिले. आमच्या नेमात कोणाची पाळी ओलांडायची नाही असं होतं, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय ना प्रसाद, ना जेवण. लोक आधी हसले, लाजली म्हणाले. मग कोणी खोकलं, कोणी मांडी बदलली. ताई समईकडे बघत बसली होती. आतून रश्शाचा वास येत होता. आई उंबऱ्यातून उठली, समईत तेल घालून गेली, जाताना तिने ताईच्या खांद्याला नुसता हात लावला. बाबा पुन्हा म्हणाले, सांग बेटा, काहीही चालेल, छोटंसं सांग. आणि मला कळलं की ताई आज सांगणार नाही. तिच्याकडे तेवढंच एक हत्यार होतं. ती बोलली नाही तर कोणी जेवणार नाही, आणि कोणी जेवलं नाही तर कधीतरी कोणाला विचारावं लागेल की हिला झालंय काय. मला तिचा अभिमान वाटला आणि धीरही धरवेना. वाईट बोलायला बंदी होती ना, मग मी चांगलंच बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तिच्याऐवजी मी सांगते. चांगलं हे, की भाऊजींच्या घरचं कुलूप फार मजबूत आहे. ते शेतात जाताना ताईला आत ठेवून बाहेरून लावतात, म्हणून त्यांच्याकडे चोर येत नाही."

मला वाटलं, आता फुटलं. इतक्या लोकांनी ऐकलं, आता कोणीतरी काहीतरी बोलेल. भाऊजींनी माझ्याकडे नाही, ताईकडे बघितलं. आणि बाबा हसले. खोटं नाही, अगदी मनमोकळं हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, "बघा. कुलुपातसुद्धा चांगलं बघितलं पोरीने." लोक हसले, सुटल्यासारखे. एका बाईने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. भाऊजीही हसले, पण त्यांची नजर ताईवरून हलली नाही. ताईने ते बघितलं. तिने पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "चांगलं हे, की हे मला न्यायला स्वतः आले."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रसाद वाटला, पंगत बसली. रस्सा गार होऊन दाटला होता, आईने तो तसाच वाढला. सकाळच्या गाडीने ताई गेली.

त्यानंतर ताई कधी माहेरी राहायला आली नाही. यायची, पण सकाळी आली की संध्याकाळच्या गाडीने परत, भाऊजी बरोबर. बाळंतपणंही तिकडेच. परातीभोवती मी आणि आई दोघीच बसायचो आणि लवकर उठायचो. मी तेव्हा तसं बोलले नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला रोहनसारखे लोक विचारतील. त्यांना वाटतं म्हातारी माणसं मनात अपराध घेऊन बसलेली असतात आणि तो मोकळा केला की बरं वाटतं. माझ्या मनात अपराध वगैरे काही नाही. मला राग येतो, आणि तो मी सांभाळून ठेवला आहे. एवढ्या भरल्या खोलीत मी खरं बोलले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आईने तर ताई गेली त्या दिवसापासून उंबऱ्यात बसणं बंद केलं. चुलीपुढूनच म्हणाली, माझं सांगून झालं. बाबांनी थोडे दिवस बोलावलं, मग ते स्वतःच तिच्या वतीने सांगू लागले, आज आईच्या भाकरी छान फुगल्या. आई मरेपर्यंत तिच्या भाकरींचं चांगलं बाबाच सांगत होते. मी देव मानते, रोज सकाळी दिवा लावते. पण दिव्याशी काही बोलत नाही आणि घरात कोणाला बोलायला लावत नाही. माझी नात शाळेतून आली की मी तिला विचारते, आज कोणाचा राग आला? ती सांगत सुटते. तिची आई म्हणते, तुम्ही पोट्टीला नकारात्मक करून राह्यल्या. होऊ दे म्हणावं.

बाबा पिकल्या वयात झोपेतच गेले, सुखाने गेले. तेरवीला वणीत मोठा हॉल घेतला होता. फोटोला हार, बाजूला समई, आणि रोहनच्या हातात माईक. त्याने जाहीर केलं की आज रडायचं नाही, आजोबांच्या पद्धतीने प्रत्येकाने आजोबांचं एक चांगलं सांगायचं आणि मगच जेवण. लोकांनी सांगितलं. पाय गेलेल्या कामगाराची गोष्ट दोघांनी सांगितली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने पाळी टाळली. भाऊजी पहिल्या रांगेत बसले होते, आता काठी लागते, दिसतं कमी, पण आवाज तसाच मऊ. मग रोहनने माईक ताईकडे नेला. म्हणाला, शोभाआत्या, तुमची तर आजोबा नेहमी उदाहरणं द्यायचे.

ताईने माईक हातात धरला. केस पांढरे झाले आहेत तिचे, पाठीला बाक आला आहे. तिने समईकडे बघितलं आणि त्याच जुन्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजचं चांगलं हे, की आता मला कोणी विचारणार नाही."

रोहन लगेच म्हणाला, वा आत्या, आजोबांचा विचारणारा तो आवाज आपण सगळेच आता शोधत राहणार. आणि टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. मी तिच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं, बोलली गं बाई, उशिरा का होईना, भरल्या मांडवात बोलली. माझा जीव इतका आनंदला की काय सांगू. ताई माईक देऊन माझ्याकडे आली. मला वाटलं आता गळ्यात पडेल, नाहीतर परातीवरून हसायची तशी हसेल. ती वाकली, हॉलच्या मागच्या दाराकडे तिने बोट केलं, तिकडे बाथरूम होती, आणि माझ्या कानाशी म्हणाली, "कुंदा, जाऊ का मी?"

मी जा म्हणेपर्यंत ती तिथेच उभी होती.